व्हिएतनामी घरातील सणाचे ताट : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दोन महिन्यांपूर्वी चिकट तांदळाविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी या सदरात व्हिएतनाममधील नववर्षाच्या सणाचा, म्हणजे ‘तेत’चा, ओझरता उल्लेख केला होता. पतीच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षे हनोईत होतो आणि ती सहाही वर्षे एका व्हिएतनामी कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो, एवढेच तेव्हा लिहिले होते. त्यानंतर मराठवाड्याच्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यातून पत्रे आली. ती पाहता या महिन्याचे संपूर्ण सदर याच विषयाला द्यावे असे ठरवले. घरमालकांच्या आईला आम्ही सगळे ‘बा’ म्हणत असू; व्हिएतनामी भाषेत बा म्हणजे आजी. पुढील उत्तरांत त्यांचा उल्लेख वारंवार येईल, कारण या स्वयंपाकातले मला जे काही कळते, ते त्यांच्या शेजारी बसून पालेभाज्या निवडता निवडता कळलेले आहे.

प्रश्न : माझ्या मुलाने उत्तर व्हिएतनाममधील मुलीशी लग्न केले आहे. येत्या तेतच्या वेळी दोघेही आमच्याकडे असतील. आमच्या घरात मांसाहार शिजत नाही. सुनेला माहेरची आठवण येणार नाही असे सणाचे जेवण मला करता येईल का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : आठवण येणारच, आणि ती यावी. पंचमीला सासरी राहिलेल्या आपल्या मुलींना माहेर आठवते, तसेच हे आहे. आपल्या हातून होण्यासारखे आहे ते असे, की तिच्या घरी ताट ज्या रीतीने मांडले जाते त्या रीतीने ते आपल्याकडे मांडावे. पदार्थांची नावे आणि कृती शोधण्याआधी आपण ही घडण समजून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

व्हिएतनामी घरात प्रत्येकासाठी वेगळे ताट वाढत नाहीत. एक मोठे गोल तबक असते, त्याला ‘मम’ म्हणतात, आणि त्यात सगळ्यांसाठी मिळून पदार्थ ठेवलेले असतात. प्रत्येकाच्या हातात फक्त भाताची लहान वाटी असते. रोजच्या ममवर एक खारट-चमचमीत पदार्थ, एक उकडलेली किंवा परतलेली पालेभाजी, एक पातळ सूप आणि अगदी मधोमध चटणीसारख्या द्रवाची एक वाटी एवढेच असते. ही मधली वाटी समाईक असते. आपल्याकडे मीठ, तिखट, आंबट यांचा मेळ स्वयंपाक करणारी बाई पातेल्यात घालते. तिकडे तो मेळ जेवणारा स्वतः घासागणिक त्या वाटीत बुडवून घालतो. म्हणूनच त्यांच्या भातात मीठ नसते, पालेभाजीला फोडणी नसते आणि सूप आपल्याला सपक वाटते. एकेक पदार्थ सुटा चाखला तर तो अपुरा वाटतो, एकत्र खाल्ला तर जेवण पूर्ण होते.

हे मला चुकीतून समजले. पहिल्या वर्षी मी घरमालकांच्या कुटुंबाला जेवायला बोलावले तेव्हा मोठ्या हौसेने मसालेभात केला, भरली वांगी केली, आमटी केली. बांनी दोन घास घेतले आणि अगदी सौम्यपणे विचारले, “साधा भात नाही का?” तेव्हा मी मनातून दुखावले. पुढे कळले की त्यांच्या दृष्टीने ज्यावर बाकीचे सगळे टेकायचे तो आधारच मी ताटातून काढून घेतला होता. आपल्याकडे पाहुण्याला भाकरी न वाढता नुसत्या भाज्या वाढाव्यात, तसे ते झाले होते. म्हणून आपण इतर काही करा अगर करू नका, एक पातेले बिनमिठाचा, मोकळा, पांढरा भात अवश्य करावा.

सणाच्या दिवशी हीच घडण विस्तारते. उत्तरेकडील जुन्या पद्धतीत सणाच्या ममवर ‘चार वाट्या आणि चार ताटल्या’ असतात. मोठ्या घरात त्या सहा-सहा किंवा आठ-आठ होतात. वाट्यांमध्ये सूप आणि शिजवलेले पातळ पदार्थ, ताटल्यांमध्ये कोरडे पदार्थ अशी वाटणी असते. शाकाहारी घराला हे अवघड नाही. बौद्ध परंपरेमुळे त्यांच्याकडे शाकाहारी स्वयंपाकाची मोठी आणि मानाची शाखा आहे. तिला ‘चाय’ म्हणतात. सुनेने ‘आज चाय खाऊ’ असे म्हटले, तर ते चहाविषयी नसून शाकाहाराविषयी आहे, हे घरातल्यांना आधीच सांगून ठेवावे.

आपल्या घरासाठी मी असे ताट सुचवेन. सुपासाठी लाल भोपळ्याच्या मोठ्या फोडी आणि भिजवून जाडसर कुटलेले शेंगदाणे भरपूर पाण्यात शिजवावेत, मीठ आणि वरून कोथिंबीर घालावी. हळद नको, फोडणी नको. हे त्यांच्याकडे खरोखर केले जाणारे घरगुती सूप आहे, आपण लावलेली तडजोड नव्हे. पालेभाजी म्हणून नाळीची भाजी मिळाली तर उत्तम, कारण उत्तर व्हिएतनाममध्ये ती जवळजवळ रोजची भाजी आहे. न मिळाल्यास पालक चालेल; मोठ्या आचेवर ठेचलेल्या लसणाबरोबर दोन मिनिटे परतून हिरवागार असतानाच उतरवावा. मुख्य पदार्थ म्हणून टोमॅटोतला टोफू करावा. टोफूच्या जाड चकत्या तेलात सोनेरी तळून घ्याव्यात, दुसरीकडे पिकलेले टोमॅटो थोड्या तेलात विरघळेपर्यंत शिजवून त्यात मीठ आणि चमचाभर सोया सॉस घालावा, चकत्या त्यात पाच मिनिटे मुरू द्याव्यात आणि वरून कांद्याची पात पेरावी.

टोफूबाबत लातूरकरांना मला आवर्जून काही सांगायचे आहे. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात, परंतु ते तेलाच्या आणि पेंडीच्या कारखान्यांकडे जाते. आपल्या स्वयंपाकघरात ते क्वचितच शिजते. टोफू घरी करणे पनीर करण्याइतकेच सोपे आहे. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवावे, दोन लिटर पाणी थोडे थोडे घालत बारीक वाटावे आणि पातळ कापडातून पिळून घ्यावे. हे दूध उकळी आल्यावर सतत ढवळत किमान दहा मिनिटे उकळू द्यावे. ही पायरी घाईने उरकू नये, कारण कच्च्या सोयाबीनचा उग्र वास आणि पचनास जड असलेले घटक त्यानेच जातात. मग आच बंद करून पाच मिनिटांनी दोन-तीन चमचे लिंबाचा रस वाटीभर पाण्यात मिसळून हळूहळू ओतावा. दूध फाटून पाणी वेगळे झाले, की कापडात बांधून अर्धा तास वजनाखाली ठेवावे. पनीरने ही जागा भरत नाही, कारण त्याला दुधाची गोडी आणि स्निग्धता असते, तर टोफूने रस शोषून घेणे येथे अपेक्षित आहे.

यांच्या जोडीला मूग घातलेला वाफवलेला चिकट भात, मुरवलेल्या कांद्यांची वाटी आणि चिकट तांदूळ व मूगडाळ पानांत बांधून उकडलेले चौकोनी ‘बान्-चुंग’ ठेवले, की उत्तरेकडील ताट ओळखू येईल. बान्-चुंगविषयी स्वतंत्र प्रश्न आला आहे, त्याचे उत्तर शेवटी दिले आहे.

प्रश्न : तेत अमावास्येच्या सुमारास येतो असे आपण लिहिले होते. आमच्याकडे वेळ अमावास्येला सगळे शेतात जाऊन जेवतात. या दोन सणांचा काही संबंध आहे का? (एक वाचक, धाराशिव)

उत्तर : उगमाचा संबंध नाही, परंतु दोन्ही पंचांगे चंद्रावर चालत असल्यामुळे शेजार मात्र आहे. आपली येळवस मार्गशीर्ष अमावास्येला असते. व्हिएतनामी महिन्याचा पहिला दिवस हा प्रत्यक्ष अमावास्येचा क्षण ज्या दिवशी येतो तो असतो, त्यामुळे तेत बहुधा पौष अमावास्येला किंवा तिच्या दुसऱ्या दिवशी येतो. सन 2025 मध्ये तो 29 जानेवारीला, म्हणजे पौष अमावास्येलाच होता. 2026 मध्ये मात्र तो 17 फेब्रुवारीला, माघ अमावास्येला आला, कारण त्यांनी अधिक महिना 2025 मध्येच धरला होता आणि आपला अधिक ज्येष्ठ 2026 मध्ये पडला. 2027 मध्ये तो पुन्हा पौष अमावास्येला, 6 फेब्रुवारीला येतो. इंग्रजी दिनदर्शिकेत त्याची मर्यादा 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी अशी सांगता येते.

साम्य शोधायचेच असेल तर ते जेवणाच्या मानात आहे. येळवशीला लातूर-धाराशिवकडे भज्जी आणि आंबिलीसाठी पुण्या-मुंबईहून माणसे गावी येतात, शेजाऱ्याच्या शेतात जाऊन दोन घास खाल्ल्याशिवाय त्या दिवसाचे जेवण पुरे होत नाही. तेतच्या आधीच्या आठवड्यात हनोईतील बसस्थानके अशीच ओसंडून वाहतात. व्हिएतनामी भाषेत सण ‘साजरा’ करीत नाहीत, ‘आन तेत’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘तेत खाणे’. ‘येळवस केली’ असे न म्हणता ‘येळवस खाल्ली’ असे म्हणणारी माणसे आपल्याकडेही आहेत.

प्रश्न : व्हिएतनामी जेवणात माशाच्या पाण्याची चटणी सगळीकडे असते असे वाचले. ती काय असते, आणि माळकरी घराने तिच्याऐवजी काय वापरावे? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : तिचे नाव ‘नुक-माम’. मांदेलीच्या कुळातील लहान समुद्री मासे आणि मीठ साधारण तीनास एक या प्रमाणात लाकडी पिंपांत थरावर थर भरून सुमारे वर्षभर मुरवतात. खाली जो तांबूस, पारदर्शक द्रव उतरतो तो म्हणजे नुक-माम. फू क्वोक बेटावरील नुक-मामला 2012 साली युरोपीय संघाने उगमस्थानाचे संरक्षण दिले आहे. बाटलीतला त्याचा वास उग्र असतो हे खरे, पण घरात तो क्वचितच तसाच वाढतात. एक भाग नुक-माम, एक भाग साखर, एक भाग लिंबाचा रस आणि चार ते पाच भाग पाणी, त्यात बारीक चिरलेला लसूण आणि मिरची, हे त्या मधल्या वाटीचे नेहमीचे प्रमाण आहे.

माळकरी घराने त्याच प्रमाणात नुक-मामच्या जागी सोया सॉस घ्यावा. ज्यांना लसूणही चालत नाही त्यांनी तो निःशंकपणे वगळावा, कारण व्हिएतनामी मठांतील कडक शाकाहारातही कांदा-लसणाच्या वर्गातील पाच उग्र पदार्थ वर्ज्य असतात. आपल्या चातुर्मासाच्या नियमांत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. तेथील बरीच कुटुंबे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार टाळतात. म्हणजे सर्वसाधारणपणे अमावास्या आणि पौर्णिमा. बा हे दोन्ही दिवस पाळत आणि त्या दिवशीच्या त्यांच्या मधल्या वाटीत ‘तुंग’ असे. सोयाबीन आंबवून केलेला हा दाट, तपकिरी पदार्थ आहे आणि हुंग येन प्रांतातील बान येथील तुंग प्रसिद्ध आहे.

मला मात्र सर्वांत जवळची वाटते ती त्यांची शेंगदाणे-तिळाची कोरडी चटणी. भाजलेले शेंगदाणे आणि भाजलेले तीळ जाडसर कुटून त्यात मीठ घालायचे, तिखट नाही, लसूण नाही, आणि गरम पांढऱ्या भाताचा घास त्यात टेकवून खायचा. नांदेडच्या कोणत्याही घरात हे दहा मिनिटांत तयार होईल.

प्रश्न : नववर्षाच्या दिवशी ते लोक पूर्वजांना जेवण ठेवतात असे समजते. आमच्याकडे शुभ दिवशी पितरांचे पान ठेवायला वडीलधारी मंडळी कचरतात. त्यांच्याकडे हे कसे चालते? आणि फळांच्या तबकात सीताफळ असते हे खरे का? (एक वाचक, बीड)

उत्तर : त्यांच्याकडे पितरांसाठी वेगळा पक्ष राखून ठेवलेला नाही, पूर्वज घरातच असतात. जवळजवळ प्रत्येक घरात एक उंच देवळी किंवा फळी असते, तिच्यावर गेलेल्या माणसांची छायाचित्रे, उदबत्त्यांचे भांडे आणि फुलदाणी असते. वर्षाच्या अखेरच्या संध्याकाळी संपूर्ण स्वयंपाक आधी तेथे मांडला जातो आणि पूर्वजांना नाव घेऊन घरी बोलावले जाते. उदबत्ती विझत आली, की त्यांचे जेवण झाले असे मानून तेच पदार्थ खाली उतरवतात आणि सगळे जेवायला बसतात. नैवेद्याचा प्रसाद व्हावा तसे. मेलेल्या माणसाचा वार्षिक दिवसही ते चांद्र तिथीनेच पाळतात, त्याला ‘झो’ म्हणतात, आणि त्या दिवशी गेलेल्याच्या आवडीचे पदार्थ करून नातेवाइकांना जेवायला बोलावतात. आपल्या श्राद्धाशी याचे साम्य आहे, फक्त त्या जेवणात दबलेपणा नसतो. बांच्या घरी आजोबांच्या झोला लहान मुले मोठ्याने हसत, पदार्थांवरून भांडत, आणि कोणी त्यांना गप्प करीत नसे. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला आपण सण आणि पितर एकाच दिवशी मानतोच, त्यामुळे ज्येष्ठांना समजावताना हा दाखला उपयोगी पडेल.

सीताफळाचे खरे आहे, परंतु ते दक्षिणेकडे. तेथील पाच फळांच्या तबकात सीताफळाच्या कुळातील फळ, नारळ, पपई आणि आंबा ठेवतात, पाचवे बहुधा उंबराच्या जातीचे असते. या फळांची नावे त्यांच्या दक्षिणी उच्चारात ओळीने म्हटली, की ‘खर्चापुरते मिळो, अशी प्रार्थना’ असा अर्थ निघतो. भरपूर मिळो असे नव्हे, पुरेसे मिळो असे मागणे आहे, हे मला फार आवडते. कारल्याचेही तसेच: दक्षिणेत कारल्याला ‘खो क्वा’ म्हणतात, त्यातून ‘कष्ट सरले’ असा अर्थ निघतो, म्हणून नववर्षाला भरल्या कारल्याचे सूप करतात. उत्तरेत मात्र तबकाचा पाया हिरव्या केळ्यांची फणी असते. ओंजळीत घ्यावीत तशी बाकीची फळे त्या फणीत बसवतात. दक्षिणेत अनेक जण हीच केळी टाळतात, कारण त्या नावाचा उच्चार ‘तोंडघशी पडणे’ या अर्थाच्या शब्दाजवळ जातो. लातूरच्या वाचकांनी, सून उत्तरेची असल्यामुळे, केळ्यांची फणी ठेवावी. बालाघाटातील सीताफळाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे संपतो, त्यामुळे तेतला ते ताजे मिळण्याची शक्यता तशीही नाही.

प्रश्न : दुकानात तांदळाचे पारदर्शक गोल कागद मिळतात, ते पाण्यात भिजवून त्यात भाज्या गुंडाळतात. ते आमच्या सालपापड्यांसारखे दिसतात. घरच्या सालपापड्यांनी काम भागेल का? (एक वाचक, जालना)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, कारण दोन्हींची कृती सख्ख्या बहिणींसारखी आहे. त्या तांदळाच्या कागदाला ‘बान्-त्रांग’ म्हणतात. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ताणून बांधलेल्या कापडावर तांदळाचे पातळ पीठ पळीने गोल पसरतात, वर झाकण ठेवून अर्धा-एक मिनिट वाफ देतात, आणि बांबूच्या चपट्या काडीने ती ओली पापडी उचलून विणलेल्या बांबूच्या तट्ट्यावर उन्हात घालतात. कागद नीट पाहिला तर त्या तट्ट्याची वीण त्यावर उमटलेली दिसते. आपण ताटलीवर वा झाकणावर पीठ पसरतो, वाफवतो आणि सोलून सुती साडीवर वाळत घालतो, एवढाच काय तो फरक.

तरी काम भागणार नाही. सालपापडीचे पीठ आंबवलेले असते, त्यात जिरे, तीळ किंवा पापडखार असतो, ती जाड असते आणि तिचा जन्म तळण्यासाठी असतो. पाण्यात घातली तर तिचा लगदा होतो. आपण स्वतः सालपापड्या करीत असाल, तर पुढच्या उन्हाळ्यात थोडे पीठ न आंबवता, जिरे-खार न घालता, आणखी पातळ पसरून पाहावे. पहिल्या दिवशीची ओली पापडी तर न वाळवताच खाता येते. तिकडे ती तशीच तेल लावून, वर तळलेला कांदा पेरून, नाश्त्याला खातात.

प्रश्न : माझी महाविद्यालयातील मैत्रीण व्हिएतनामी आहे आणि तिच्या आईवडिलांबरोबर मला जेवायचे आहे. पाळावयाच्या रीती थोडक्यात सांगाल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : घास घेण्यापूर्वी लहानांनी मोठ्यांना एकेक करून ‘जेवायला सुरुवात करा’ असे म्हणायचे असते, उत्तरेकडे ही रीत विशेष पाळतात, आणि सर्वांत वडील व्यक्तीने सुरुवात केल्यावरच इतरांनी करावी. भातात काड्या उभ्या खोवून ठेवू नयेत, कारण ते पूर्वजांपुढील उदबत्त्यांसारखे दिसते. कोणी आपल्या वाटीत पदार्थाचा चांगला तुकडा ठेवला तर तो माया समजून खावा. त्यांच्या भाषेत ‘तुम्ही’साठी सरसकट एक शब्द नाही, नात्यानेच बोलतात, म्हणून कोणाला काय म्हणायचे हे मैत्रिणीला आधी विचारून जावे.

आणखी एक गोष्ट, जी लातूरच्या वाचकांसाठीही आहे. भाताच्या पातेल्याजवळ बहुधा घरातील सून किंवा तरुण मुलगी बसते आणि सगळ्यांच्या वाट्या भरता भरता स्वतः अर्धवट जेवते. हे आपल्या बायकांना नवीन नाही. तेतच्या दिवशी त्या पातेल्याजवळ सासूबाईंनी बसावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रश्न : मुलांसाठी त्यांचा एखादा गोड पदार्थ आमच्याकडील सामानात होईल का? (एक वाचक, हिंगोली)

उत्तर : तेतचा कोहळ्याचा पाक मुरवलेला गोड पदार्थ म्हणजे जवळजवळ आपला पेठाच, त्यामुळे तो विकत आणला तरी चालेल. करून पाहायचा असेल तर ‘बान्-त्रोय’ करावे. हे तेतचे नव्हे, त्यांच्या तिसऱ्या महिन्यातील तृतीयेचे पक्वान्न आहे. चिकट तांदळाचे पीठ कोमट पाण्यात मऊ मळून सुपारीएवढी गोळी करावी, तिच्या पोटात कडक गुळाचा हरभऱ्याएवढा खडा भरून तोंड नीट बंद करावे आणि उकळत्या पाण्यात सोडावी. वर तरंगली की मिनिटभराने काढून गार पाण्यात टाकावी, वर भाजलेले तीळ पेरावेत. आतला गूळ वितळलेला असतो, म्हणून लहान मुलांना थोडे निवल्यावरच द्यावे. उकडीच्या मोदकाचे तांदळाचे पीठ येथे चालत नाही, गोळी फुटते.

प्रश्न : मी चित्रफीत पाहून बान्-चुंग केले. इंद्रायणी तांदूळ वापरला, हळदीच्या पानांत बांधले, चार तास उकडले. आत तांदूळ फडफडीत राहिला आणि पाने फाटून पाणी शिरले. काय चुकले? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपण चार तास चुलीपाशी थांबलात, यातच अर्धे बान्-चुंग आले. बाकीचे अर्धे सांगते.

तांदळापासून सुरुवात करू. इंद्रायणी किंवा आंबेमोहर आपल्याला चिकट वाटतो, तरी त्यात अमायलोज हा स्टार्च बऱ्यापैकी असतो आणि तोच शितांना सुटे ठेवतो. खऱ्या चिकट तांदळात अमायलोज जवळजवळ नसतो, त्यामुळे शिते वितळून एकजीव होतात. आसामचा ‘बोरा’ तांदूळ याच जातीचा आहे. तो किंवा ‘चिकट तांदूळ’ म्हणून मिळणारा दुसरा कोणताही तांदूळ मागवावा आणि रात्रभर भिजवावा. भिजवल्यावर पूर्ण निथळून त्याला मीठ चोळावे. रोजच्या भातासारखा हा भात बिनमिठाचा नसतो.

पानांविषयी. उत्तर व्हिएतनाममध्ये ‘झोंग’ नावाचे रुंद पान वापरतात, दक्षिणेकडे याच्याच भावंडाला, म्हणजे लांबट ‘बान्-तेत’ला, केळीचे पान लावतात. आपण केळीचेच घ्यावे. हळदीच्या पानाचा सुगंध पातोळ्यांत शोभतो, पण येथे तो मुगाची आणि मिऱ्याची चव झाकून टाकतो, शिवाय ते पान अरुंद आणि नाजूक असते. केळीचे पान विस्तवावरून झरझर फिरवावे, म्हणजे ते मऊ होते व दुमडताना चिरत नाही. मधली शीर सुरीने तासून घ्यावी, दोन्ही बाजू ओल्या फडक्याने पुसाव्यात आणि दोन थर आडवे-उभे लावावेत.

बांच्या घरी हे काम वर्षाच्या अखेरच्या दोन-तीन दिवसांत अंगणात चटई टाकून होत असे. पाने आतून बाहेरून रचून त्या एक वाटी तांदूळ घालीत, तो बोटांनी कोपऱ्यांत दाबीत, मग शिजवून घोटलेल्या मूगडाळीचा चेंडू मधोमध ठेवून त्यावर मिरपूड लावलेले डुकराचे चरबीयुक्त मांस, पुन्हा डाळ, पुन्हा तांदूळ. माझ्यासाठीच्या गाठोड्यांत मांसाच्या जागी मिरे घालून परतलेल्या आळिंब्या असत, आणि ती ओळखू यावीत म्हणून त्या त्यांवर लाल दोरा बांधीत. सहा वर्षांत त्या तो दोरा एकदाही विसरल्या नाहीत. पाने पेटीच्या झाकणासारखी मिटून बांबूच्या ओल्या, पातळ पात्यांनी चौकोन बांधला जाई. बांधणी फार सैल झाली तर पाणी शिरते, फार आवळली तर तांदूळ फुगायला जागा राहत नाही आणि मध्यभाग कच्चा राहतो. आपले बहुधा दोन्ही झाले असावे: कडा सैल, पोट आवळलेले.

शिजवण्याचा वेळ हे चौथे कारण. पूर्ण आकाराच्या बान्-चुंगला दहा ते बारा तास लागतात. पाणी नेहमी गाठोड्यांच्या वर राहिले पाहिजे, आणि वरून घालायचे पाणी उकळतेच हवे. गार पाणी घातले की आच मोडते आणि शिते आतून दडदडीत राहतात. घरातली माणसे आळीपाळीने रात्रभर चुलीपाशी जागतात, मुले निखाऱ्यांत रताळी भाजतात. आपल्याकडे एवढे शक्य नसेल तर मुठीएवढी लहान गाठोडी करावीत आणि मोठ्या कुकरमध्ये, पूर्ण बुडतील इतक्या पाण्यात, मंद आचेवर दीड-दोन तास शिजवावीत. मध्ये एकदा कुकर थंड करून पाणी पाहून घ्यावे. बाहेर काढल्यावर गार पाण्याने धुऊन फळीखाली वजन ठेवून पाच-सहा तास दाबावीत, म्हणजे आतले पाणी निथळते आणि चौकोन घट्ट होतो.

हा पदार्थ जन्मला तोच टिकण्यासाठी. सणाचे पहिले काही दिवस बाजार बंद असतात आणि हनोईत तेव्हा थंडी असते, म्हणून तो बाहेरही बरेच दिवस राहतो. आपल्याकडे फेब्रुवारीत दुपारी ऊन तापू लागते, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून तो फ्रिजमध्येच ठेवावा.

कापण्यासाठी सुरी वापरू नये, ती चिकटते. बांधलेल्या पात्या सोडून त्यांचे उभे बारीक दोर चिरावेत. गाठोड्याची वरची पाने उघडून उघड्या अंगावर चार दोर फुलीवर फुली येतील असे ठेवावेत, त्यावर ताटली पालथी घालून सगळे उलटे करावे आणि उरलेली पाने काढावीत. आता दोर खाली आहेत. एकेका दोराची दोन्ही टोके वर उचलून समोरासमोर ओढली, की हिरवट भात, पिवळी डाळ आणि मधला गाभा दाखवीत आठ सारख्या फोडी पडतात. बा हे करीत तेव्हा घरातले सगळे बोलणे थांबवून ताटलीकडे पाहत. फोडींबरोबर मिठा-व्हिनेगरात मुरवलेले लहान कांदे द्यावेत, आणि तिसऱ्या दिवशी उरलेल्या फोडी तव्यावर थोड्या तेलात उलथन्याने चेपून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजाव्यात.